फिट जिथून सुरू होते तिथली रेघ बारीक असते

फिटचं ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचं रेकॉर्डिंग, पहिल्यांदाच बघणाऱ्या माणसाची नजर जिथे लाटा सगळ्यात उंच तिथे जाते, आणि ते साहजिकच आहे. स्क्रीनवर शंभर-सव्वाशे रेघा एकाखाली एक, बाकी सगळ्या आपल्या नेहमीच्या वळवळीत आणि मधल्याच पंधरा-वीस रेघा एकदम उसळायला लागल्यात, मग कुणीही म्हणणार की बघा, इथून सुरू झाली. पण कितीतरी रेकॉर्डिंगमध्ये ती तिथून सुरू झालेलीच नसते. काही सेकंद आधी दुसऱ्याच कुठल्यातरी रेघेवर सुरू झालेली असते, आणि ती रेघ त्या वेळी मोठी झालेली नसते, उलट बारीक झालेली असते, जवळजवळ सपाट.

माझं रोजचं काम म्हणजे ही बारीक झालेली रेघ शोधायची आणि मग तिथून पुढे फिट कुठे कुठे गेली त्याचा माग काढायचा. मी डॉक्टर नाही, सिग्नल प्रोसेसिंगवाली आहे, एपिलेप्सीच्या (अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार) टीमबरोबर बसते. माझ्याकडे रेकॉर्डिंग येतं तेव्हा त्यात पेशंटचं नाव वगैरे काही नसतं, फक्त चॅनलची नावं (एक रेघ म्हणजे एक चॅनल), आकड्यांचे ढीग आणि व्हिडिओ. निदान, औषधं, ऑपरेशन हे सगळं न्यूरोलॉजिस्ट आणि सर्जन ठरवतात, पण ठरवताना त्यांच्यासमोर जो नकाशा असतो त्यातला काही भाग आमच्या हातून जातो. म्हणून या विषयाची मला तळमळ आहे, आणि आज जरा सविस्तर लिहिते.

आधी हे सगळं कशासाठी ते. जगात साधारण ५ कोटी लोकांना एपिलेप्सी आहे. बहुतेकांच्या फिट औषधांनी आटोक्यात येतात, पण साधारण तीनातल्या एकाच्या येत नाहीत, औषधं बदलून झाली, डोस वाढवून झाला तरी नाही. अशांपैकी काहींसाठी ऑपरेशन हा खरा पर्याय असतो, म्हणजे मेंदूचा जो भाग फिट सुरू करतोय तो काढायचा. २००१ मध्ये टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या, एपिलेप्सीवर एक रँडमाइज्ड ट्रायल (कोण कुठल्या गटात ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलेली) प्रसिद्ध झाली, ८० पेशंट, निम्मे ऑपरेशनच्या गटात आणि निम्मे नुसत्या औषधांच्या. वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिट पूर्ण थांबलेले किती, तर ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के आणि औषधांच्या गटात ८ टक्के. केवढा फरक आहे बघा. पण तो फरक पडतो कधी, तर काढलेला भाग बरोबर असेल तेव्हा. जास्त काढला तर बोलणं, स्मरणशक्ती, हाताची हालचाल यातलं काहीतरी जाऊ शकतं, कमी काढला किंवा बाजूचा काढला तर फिट तशाच चालू. त्यामुळे "कुठून सुरू होते" हा प्रश्न आमच्यासाठी नुसता अभ्यासाचा राहत नाही, उत्तर मिलीमीटरमध्ये द्यावं लागतं.

या शोधाची सुरुवात मशीनशिवाय झाली होती हे मला फार भारी वाटतं. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन नावाचे डॉक्टर फिट येताना नुसतं नीट बघत बसायचे. त्यांच्या लक्षात आलं की काही पेशंटमध्ये झटके अंगठ्यापासून सुरू होतात, मग बोटं, मग मनगट, मग दंड, मग चेहरा, असे क्रमाने सरकत जातात, कुठेही उडी न मारता. यावरून त्यांनी ओळखलं की मेंदूवर शरीराचा कुठलातरी क्रम मांडलेला असणार आणि झटका त्या क्रमाने पुढे जात असणार. १८७० मध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला हलका करंट देऊन ठरावीक स्नायू हलवून दाखवले तेव्हा त्याला आधार मिळाला. मेंदूच्या करड्या भागातला अधूनमधून, अचानक, जादा आणि स्थानिक डिस्चार्ज म्हणजे एपिलेप्सी, असं जॅक्सन १८७३ मध्ये म्हणत होते, आणि माणसाच्या मेंदूतल्या विजेचं पहिलं रेकॉर्डिंग व्हायला तेव्हा अजून पन्नास वर्षं होती!

(इथेच एक सांगून टाकते. घरात कुणाला फिट येत असेल तर फिटची सुरुवात कशी झाली हे लक्षात ठेवा, जमलं तर दुसऱ्या कुणाला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. नजर आधी कुठे वळली, कुठला हात आधी आखडला, आधी ओठ चावल्यासारखे हलले का, बोलणं आधी थांबलं का. पुढचे जोरदार झटके बऱ्याच जणांचे सारखेच दिसतात, माहिती पहिल्या काही सेकंदांत असते आणि नेमकी तीच कुणाला आठवत नाही. अर्थात आधी माणसाला सांभाळा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि फिट ५ मिनिटांच्या वर चालली तर ती इमर्जन्सी आहे.)

हान्स बर्गर यांनी जर्मनीत येना इथे १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिलं ईईजी घेतलं आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यानंतर सगळं बदललंच, पण डोक्यावरून घेतलेल्या ईईजीची एक मोठी अडचण आहे जी आजही तशीच आहे. मेंदू आणि इलेक्ट्रोडच्या मध्ये कवटी, तिच्यात सिग्नल क्षीण होतो आणि पसरट होतो. एखादी घडामोड वरून दिसायला हवी तर मेंदूच्या पृष्ठभागाचा बराच मोठा तुकडा, साधारण ६ ते १० चौरस सेंटीमीटर तरी, एकाच वेळी एका तालात चालायला लागतो. आता हिपोकॅम्पस, म्हणजे टेम्पोरल लोबमधला आठवणींशी संबंधित भाग, तर आत खोल, आणि तिथली सुरुवात छोट्याशा जागेत. म्हणजे वरच्या ईईजीत फिट "सुरू" झालेली दिसते तेव्हा ती आत सुरू होऊन, वाढून, बाहेरच्या भागापर्यंत येऊन पोचलेली असते. आपण सुरुवात म्हणून जे बघतो तो आधीच प्रसार असतो.

म्हणून मग आत जावं लागतं. पॅरिसच्या सेंट-ॲन हॉस्पिटलमध्ये तालैराख आणि बांकॉ या दोघांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत बसवायला घेतली, तिला स्टीरिओ-ईईजी म्हणतात. कवटीला बारीक भोकं पाडून तारेसारखे इलेक्ट्रोड सरळ आत. जाडी ०.८ मिलीमीटर, त्यावर सिग्नल ऐकणारे २-२ मिलीमीटरचे कॉन्टॅक्ट, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सहसा ३.५ मिलीमीटर. असे दहा-पंधरा इलेक्ट्रोड, प्रत्येकावर जास्तीत जास्त १८ कॉन्टॅक्ट. मग पेशंट दिवसेंदिवस हॉस्पिटलमध्ये, औषधं सांभाळून कमी केलेली, कॅमेरा चालू, आणि सगळे फिटची वाट बघतायत. ज्या गोष्टीपासून तो माणूस आयुष्यभर पळत असतो तिचीच वाट बघत पडून राहायचं हे किती अवघड आहे याची मला प्रत्येक फाइल उघडताना आठवण होते. १२० चॅनल आणि सेकंदाला १०२४ सॅम्पल धरले तर एका दिवसाचे हजार कोटींहून जास्त आकडे होतात, आणि त्यातलं कामाचं कधी कधी फक्त दीड-दोन मिनिटांचं असतं.

आता एक फिट जवळून बघू. हिपोकॅम्पसपासून सुरू होणाऱ्या फिटमध्ये वारंवार दिसणारा क्रम आहे हा. आधी हिपोकॅम्पसच्या दोन-तीन कॉन्टॅक्टवर अधूनमधून स्पाइक, म्हणजे टोकदार लाटा, येत असतात, वेडेवाकडे, कधीही. मग ते अचानक शिस्तीत यायला लागतात, सेकंदाला एक, सेकंदाला एक, बाकी रेघांना पत्ताही नाही. व्हिडिओत माणूस मासिक वाचतोय. पाच-सात सेकंद असं चालतं आणि मग स्पाइक थांबतात. रेघ सपाट. घाईत बघणारा म्हणेल की थांबलं बाबा, सुटलो. पण त्या रेघेचा गेन (स्क्रीनवरची उंची) तिप्पट करा, तिथे बारीक, दाट, भराभर थरथर दिसते, सेकंदाला वीस-पंचवीस वेळा. हीच सुरुवात. माणूस अजून पान उलटतोय! मग ती थरथर हळूहळू मंद होत जाते आणि मंद होता होता उंच होते, वीसची पंधरा, पंधराची आठ, आणि आता शेजारचे कॉन्टॅक्ट सामील होतात, टेम्पोरल लोबच्या बाहेरच्या बाजूचे कॉन्टॅक्ट सामील होतात, आणि तेव्हा कुठे व्हिडिओत मासिक मांडीवर पडतं, नजर एका जागी थिजते, हात चादर चिवडायला लागतो, तोंड चावल्यासारखं हलायला लागतं. स्क्रीनवर सगळ्यात प्रचंड लाटा आता आहेत आणि त्या बाहेरच्या कॉन्टॅक्टवर आहेत. आतली गोष्ट कधीच पुढे निघून गेली.

रेघ सपाट का होते? तिथे काही घडत नाही म्हणून नाही. ईईजी म्हणजे हजारो पेशींच्या करंटची बेरीज, सगळ्या एका तालात असल्या तर बेरीज मोठी, प्रत्येक जण वेगवेगळ्या क्षणाला घाईघाईने काम करत असला तर एकमेकांना छेद जाऊन बेरीज छोटी. जोर भरपूर, एकी कमी. आणि प्रयोगांमध्ये असंही दिसलंय की काही प्रकारच्या फिटच्या अगदी सुरुवातीला आवर घालणाऱ्या पेशी, ज्यांना इंटरन्यूरॉन म्हणतात, त्याच आधी जोरात सुटलेल्या असतात. सगळ्याच फिट अशा सुरू होत नाहीत हेही सांगायला हवं, काही मोठ्या संथ लाटांनी सुरू होतात, काही सरळ तालबद्ध स्पाइकनी, पण ही कमी उंचीची वेगवान सुरुवात फार वेळा दिसते आणि डोळ्यांना तीच सगळ्यात जास्त चकवते.

मग गणिताने हे कसं पकडायचं? २००८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेच्या बार्तोलोमे आणि शोवेल यांनी व्हेन्डलिंग यांच्याबरोबर एपिलेप्टोजेनिसिटी इंडेक्स नावाचं माप मांडलं. ते मला अजूनही आवडतं कारण त्यात डॉक्टरची नजर जशीच्या तशी गणितात उतरवलीय. प्रत्येक चॅनलवर क्षणाक्षणाला दोन ऊर्जा मोजायच्या, एक वेगवान भागाची (साधारण १२ ते ९७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा) आणि एक संथ भागाची (साधारण ३.५ ते १२ हर्ट्झ), आणि त्यांचं गुणोत्तर काढायचं. रेघ बारीक होऊन थरथरायला लागली की संथ भाग पडतो, वेगवान भाग चढतो, आणि गुणोत्तर उसळी मारतं, उंची कितीही कमी असो. मग हे गुणोत्तर नक्की कुठल्या क्षणी बदललं ते पेज-हिंकली नावाच्या अल्गोरिदमने शोधायचं, तो सरासरीपासूनचा फरक साठवत जातो आणि साठा ठरावीक उंबरठ्यावर गेला की म्हणतो, इथे बदललं. शेवटी दोन्ही एकत्र: गुणोत्तर जितकं जास्त आणि बदल जितका लवकर तितके त्या चॅनलला मार्क जास्त, ० ते १ मध्ये. म्हणजे उशिरा उसळलेल्या प्रचंड लाटेला इथे भाव मिळत नाही. झालं, इतकंच आहे ते, पण पहिल्यांदा एका रेकॉर्डिंगवर चालवून बघितलं आणि डोळ्यांना न दिसलेला कॉन्टॅक्ट सगळ्यात वर आला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

पण त्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, कारण "आधी" हा शब्द सिग्नलमध्ये फार नाजूक आहे. फिल्टरचंच बघा, म्हणजे हव्या त्या वेगाच्या लाटा ठेवून बाकीच्या गाळण्याचं. फेज (लाटेची वेळेतली जागा) बिघडू नये म्हणून आपण सर्रास सिग्नल एकदा पुढून आणि एकदा मागून फिल्टर करतो. त्याने लाटांची जागा हलत नाही हे खरं, पण मागून फिल्टर करताना पुढच्या घटनेचा थोडा अंश मागे सांडतो, म्हणजे जे ठीक दहाव्या सेकंदाला सुरू झालं ते नऊ पूर्णांक काहीतरी सेकंदापासूनच उगवल्यासारखं दिसतं. फिल्टर जितका अरुंद तितका सांडा जास्त. आणि ज्या चॅनलवर घटना मोठी तिथला सांडलेला अंशही मोठा, म्हणजे मोठी लाट पुन्हा मागच्या दाराने "मी पहिली" म्हणत पुढे येते! तसंच ८० हर्ट्झच्या वरच्या ऑसिलेशनचं, ज्यांना रिपल म्हणतात, आणि २५० च्या वर गेले की फास्ट रिपल. हे रोगट भागाची खूण म्हणून बरंच नावाजलेलं आहे, पण टोकदार स्पाइक असल्या फिल्टरमधून काढला की तो वाजवलेल्या घंटेसारखा घुमत राहतो आणि ते घुमणं हुबेहूब रिपलसारखं दिसतं. म्हणून मूळ, फिल्टर न केलेला सिग्नल शेजारी उघडा ठेवल्याशिवाय मी कुठलीच वेळ लिहून देत नाही. आणि ५० किंवा ६० हर्ट्झचा मेनचा गोंगाट, हलणारी वायर, स्नायूंचा आवाज यावर काही लिहीत नाही, ते ज्याला करायचंय त्याला पहिल्याच आठवड्यात कळतं.

आता प्रसार. खरं सांगायचं तर मला सुरुवातीपेक्षा प्रसारच जास्त ओढून घेतो. मेंदूच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सिग्नल जायला कॉर्पस कॅलोझममधून, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या तंतूंच्या पुलावरून, काही मोजके मिलीसेकंद पुरतात. मग फिटला तेवढाच वेळ लागायला हवा ना? पण एका बाजूच्या हिपोकॅम्पसमधली फिट दुसऱ्या बाजूला पोचायला कित्येक सेकंद घेते, कधी मिनिटभर, आणि कितीतरी वेळा पोचतच नाही. रस्ता मोकळा आहे, वाहतूक रोज चालू आहे, तरी फिट अडकते. कोणीतरी तिला अडवतंय.

१९६७ मध्ये प्रिन्स आणि वाइल्डर यांनी प्राण्यांच्या मेंदूवर दाखवलं की फिटच्या जागेभोवती आवर घालणाऱ्या पेशींचं एक कडं तयार होतं. माणसात हे जवळून बघायला २०१२ उजाडलं, शेव्हन आणि सहकाऱ्यांनी ४ बाय ४ मिलीमीटरचा छोटा चौकोन, त्यावर शंभराच्या आसपास सुया, असा अ‍ॅरे पेशंटच्या मेंदूत बसवून फिटच्या वेळी एकेका पेशीचं फायरिंग, म्हणजे तिचे विजेचे स्पंद, रेकॉर्ड केलं. त्यात दिसलं ते असं. फिटचा एक गाभा असतो, तिथे पेशी बेफाम आणि एकत्र फायर करतात. त्या गाभ्याची कड फार सावकाश पुढे सरकते, सेकंदाला मिलीमीटरच्या हिशोबात. आणि गाभ्याच्या बाहेर मोठा पट्टा असतो जिथे ईईजीच्या लाटा प्रचंड उंच दिसतात, पण पेशी मात्र अजून ताब्यात आलेल्या नसतात, आपापलं विस्कळीत फायरिंग करत असतात. ओलं सरपण पेटताना बघितलंय ना, आधी नुसता धूर, डोळे चुरचुरतील इतका, आणि ज्याला धूर जास्त ते लाकूड अजून पेटलेलंच नसतं, आतला ओलावा संपला की मगच ज्योत धरते. तसंच. गाभ्याकडून मारा येतो, तो मारा झेलणाऱ्या पेशींचे करंट ईईजीत मोठ्या लाटा म्हणून दिसतात, आणि आवर घालणाऱ्या पेशी झुंजत असतात तोवर ती जागा शाबूत असते. मग त्या दमतात, पेशींच्या आत क्लोराइड साठत जातं, बाहेर पोटॅशियम वाढतं, ज्या रसायनाने पेशी शांत व्हायच्या त्याचा परिणाम उलटा व्हायला लागतो, आणि कड आणखी एक पाऊल पुढे.

याचा माझ्या कामावर थेट परिणाम झाला. म्हणजे सुरुवातीलाच नाही, प्रसारातही मोठी लाट फसवते. उंच लाटांवरून नकाशा रंगवला तर फिटने व्यापलेला भाग खूपच मोठा दिसेल, आणि त्यातला बराचसा भाग खरं तर फिटला अडवणारा असेल! २०१३ मध्ये त्याच गटातल्या वाइस यांनी दाखवलं की गाभा ओळखायचा असेल तर ८० ते १५० हर्ट्झचा भाग बघा, तो फिटच्या लाटेच्या ठरावीक टप्प्याशी घट्ट बांधलेला आहे का ते बघा, आणि तो सुरुवातीपासून नसून काही वेळाने उगवतोय का ते बघा. घट्ट बांधलेला असेल तर पेशी खरंच ताब्यात गेल्यात. नुसत्याच उंच लाटा असतील तर बहुतेक धूर.

दिशा काढणं ही आणखी वेगळी कटकट. कल्पना साधी आहे: दोन चॅनलवर एकच ताल असेल तर ज्याच्यावर तो किंचित आधी येतो तिथून दुसरीकडे जातोय. मेरी ब्रेझियर यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कोहेरन्स (दोन ताल किती जुळतात त्याचं माप) आणि फेज वापरून हे केलं, जाँ गोटमन यांनी १९८३ मध्ये काही मिलीसेकंदांचे फरक मोजून. पण बघा काय होतं. २५ हर्ट्झच्या तालाची एक फेरी ४० मिलीसेकंदांची. आता अ हा ब च्या १० मिलीसेकंद पुढे असणं आणि ब हा अ च्या ३० मिलीसेकंद पुढे असणं, नुसता ताल बघून यातला फरक सांगताच येत नाही. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर फेजचा उतार काढावा लागतो, आणि फिट म्हणजे तर जवळजवळ एकाच फ्रिक्वेन्सीची, मग उतार काढायचा कशावर!

मग लोक ग्रेंजरकडे वळले. क्लाइव्ह ग्रेंजर हे अर्थशास्त्रज्ञ, २००३ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्यांपैकी एक, त्यांनी १९६९ मध्ये मांडलं की ब चा स्वतःचा भूतकाळ वापरून ब चं पुढचं भाकीत करा, मग अ चा भूतकाळही जोडा, भाकीत सुधारलं तर अ कडून ब कडे काहीतरी येतंय. त्यावरूनच १९९१ मध्ये कामिन्स्की आणि ब्लिनोव्स्का यांचं डायरेक्टेड ट्रान्सफर फंक्शन आलं आणि २००१ मध्ये बाकाला आणि सामेशिमा यांचं पार्शल डायरेक्टेड कोहेरन्स. चित्रं फार सुंदर येतात, बाणच बाण. आणि म्हणूनच सांभाळावं लागतं. तिसरी जागा दोघांनाही चालवत असेल आणि तिथे इलेक्ट्रोडच नसेल तर खोटा बाण येतो. एका चॅनलवर गोंगाट जास्त असेल तर बाण उलटासुद्धा फिरू शकतो. सगळ्या चॅनलचा रेफरन्स, म्हणजे ज्याच्या तुलनेत मोजतो ती जागा, एकच असेल आणि तिच्यावरच सिग्नल असेल तर सगळे सगळ्यांशी जोडलेले दिसतात. आणि हे मॉडेल धरून चालतं की सिग्नलचा स्वभाव स्थिर आहे, फिट तर दर दोन सेकंदांना स्वभाव बदलते. मी वेळेच्या छोट्या छोट्या खिडक्या घेऊन चालवते, आणि प्रत्येक वेळी फेज विस्कटलेला खोटा डेटा करून त्यावरही चालवते, खोट्या डेटावरही तसाच बाण आला तर खरा बाण पुसून टाकते.

त्यात आणखी एक भर म्हणजे दिशा एकच असते हेही पक्कं नाही. २०१६ मध्ये स्मिथ आणि सहकाऱ्यांनी मांडलं की फिटच्या भराभर पळणाऱ्या लाटा त्या सावकाश सरकणाऱ्या कडेपासूनच निघतात, म्हणजे उगमच चालत असतो, आणि कड इलेक्ट्रोडच्या खालून गेली की लाटांची दिशा उलटते. २०१७ मध्ये मार्टिने आणि सहकाऱ्यांना वेगळं दिसलं, त्यांच्या मते लाटा एका स्थिर उगमापासून निघतात. मला वाटतं की दोन्ही प्रकारच्या फिट असाव्यात, माझ्या बघण्यात दोन्ही तऱ्हेची चित्रं आली आहेत, पण यामुळे एक सवय मी लावून घेतली: सबंध फिटचा एक सरासरी बाण कधीच द्यायचा नाही. पहिल्या पाच सेकंदांचा वेगळा, पुढचा वेगळा, शेवटचा तर वेगळाच.

आणि या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक गोष्ट आहे ती म्हणजे जिथे इलेक्ट्रोड नाही तिथलं आपल्याला काहीच दिसत नाही. दोनशे कॉन्टॅक्ट असले तरी मेंदूचा अगदी छोटासा भाग ऐकला जातो. "सगळ्यात आधी" म्हणजे ऐकलेल्यांपैकी सगळ्यात आधी. त्यावर माझी एक कसोटी आहे, पहिला दिसलेला कॉन्टॅक्ट बारीक थरथरीने सुरू झाला की एकदम मोठ्या संथ तालाने? एकदम मोठ्या संथ तालानेच सुरू झाला, आणि व्हिडिओत त्या आधीच माणसाची नजर वळलेली दिसतेय, तर मी सरळ लिहिते की सुरुवात बहुतेक आपल्या इलेक्ट्रोडच्या बाहेर आहे. असं लिहिताना वाईट वाटतं, कारण त्या माणसाने एवढं सोसलेलं असतं. पण चुकीच्या जागेला "सुरुवात" म्हणून ठसवण्यापेक्षा ते परवडलं. व्हिक्टर यिर्सा यांच्या मार्सेच्या गटाने पेशंटच्या एमआरआयवरून त्याच्याच मेंदूचं मॉडेल बनवून, त्यात फिट चालवून, इलेक्ट्रोडच्या मधल्या न ऐकलेल्या जागांबद्दल अंदाज बांधायची पद्धत काढलीय, तिची फ्रान्समध्ये मोठी ट्रायलही २०१९ पासून चालू झाली. मला त्यातून खूप आशा आहे, फक्त मॉडेलने भरलेली जागा आणि खरी ऐकलेली जागा नकाशावर वेगळ्या रंगात दिसायलाच हवी.

सध्या माझं डोकं ज्यात अडकलंय ते मात्र वेगळं आहे, फिटची वाट न बघता हे कळेल का. एका कॉन्टॅक्टला अगदी छोटा करंटचा ठोका द्यायचा, सेकंदाला एक या हिशोबाने तीस-चाळीस ठोके, आणि बाकीच्या सगळ्या कॉन्टॅक्टवर त्याचा काय प्रतिसाद येतो त्याची सरासरी काढायची. इथे दिशेबद्दल वादच नाही, कारण ठोका आपणच दिलाय, वेळ आपल्याला माहीत आहे, आणि कुठे पोचला ते दिसतंय. पहिला प्रतिसाद १० ते ५० मिलीसेकंदांत येतो, तो रस्ता दाखवतो. काही जागी मात्र शे-दोनशे मिलीसेकंदांनंतर किंवा त्याहूनही उशिरा आणखी एक स्पाइक उठतो, तो रोगट जागेची खूण असू शकतो हे २००२ पासून छापून आलेलं आहे. मला बघायचंय ते हे की ठोक्यांवरून काढलेले रस्ते आणि फिटच्या वेळी कड ज्या रस्त्याने सरकली ते रस्ते किती जुळतात, आणि जिथे रस्ता धडधडीत रुंद असूनही फिट गेली नाही तिथे ठोक्याचा प्रतिसाद कसा आहे, तिथली आवर घालणारी बाजू त्यात दिसते का. आतापर्यंत बघितलेल्या थोड्याशा रेकॉर्डिंगवरून बोलायची घाई करणार नाही. कुणी या ठोक्यांवर काम करत असेल तर कमेंटमध्ये सांगा, ठोका दिल्यावर पहिले ५-६ मिलीसेकंद करंटच्याच खुणेने भरून जातात, ते तुम्ही कसे साफ करता हे मला खरंच जाणून घ्यायचंय.